बिनमुक्कामाची वाट

परवा भाचीने तिच्या फोनवर दोन गावांची नावं टाकून दाखवली. मुंबई, कुवेत. खाली लगेच उत्तर आलं: अंतर अमुक किलोमीटर, विमानाचा वेळ सुमारे चार तास. "बघ आत्या, इतकं सोपं आहे," ती म्हणाली. तिला वाटलं मला नवल वाटेल. मी चष्मा पुसला आणि आकडा पुन्हा वाचला. हा आकडा मी तिच्या जन्माआधी, विशीत असताना, एका शाळेच्या नकाशावर लोकरीच्या सुताने मोजून काढला होता. तो फार चुकला नव्हता. सगळं दुःख त्यातच आहे. तिचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ, जाऊन आता दीड वर्ष झालं. तो होता तोवर हे लिहायची माझी छाती झाली नाही. आता वाचणारा तोच नाही, म्हणून लिहिते.

आमची वाडी आटपाडीच्या पुढे, माळावर. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे हिंडलेली. वडील मी लहान असताना गेले, मोठ्या दुष्काळात मेंढरंही गेली, आणि मागे उरली चार शेळ्या, थोडी बाजरीची जमीन, आई, दादा आणि मी. आईला एका जागी बसणं कधी अंगवळणी पडलं नाही. घरात असली तरी ती उंबऱ्यावर बसायची, निम्मी आत, निम्मी बाहेर, आणि हातात लोकर कातायची चाती. चातीची ती भुणभुण हा आमच्या घराचा आवाज होता. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, ठेचा आणि ती भुणभुण. चाती थांबली की मी पुस्तकातून मान वर करायची, कारण आई काहीतरी बोलणार असायची.

आईला मैल कळत नसत, तासही फारसे कळत नसत. तिला मुक्काम कळायचे. लहानपणी ती बापाच्या मेंढरांमागे पावसाळा संपला की वरच्या अंगाला जायची. आटपाडीहून म्हसवड, दहिवडी, फलटण, लोणंद, शिरवळ, अकरा मुक्काम. कुठे पाणी गोड, कुठे काटेरी झुडपं, कुठला पाटील रानात बसू देतो आणि कुठला कुत्री सोडतो, हे तिला साठीतही तोंडपाठ होतं. तिचा बाप दर मुक्कामाला लोकरीच्या सुताला एक गाठ मारायचा आणि परतताना एकेक गाठ सोडायचा. सूत मोकळं झालं म्हणजे घर आलं. एखादा पाहुणा दुरून आला की आई आधी त्याला पाणी द्यायची आणि मग विचारायची, "मुक्काम किती झालं?" एसटीने आलेला माणूस गोंधळून जायचा.

दादा, आईचा म्हादा, माधवनगरला एका कापड गिरणीत फिटर होता. त्याच्या खोलीवर राहून मी सांगलीला शिकले. तो पहिल्या पाळीला जाण्याआधी स्टोव्हवर चहा करून माझ्या उशाशी झाकून ठेवायचा. त्याच्या कपड्यांना तेलाचा आणि सरकीचा वास यायचा, माझ्या वह्यांनाही तो लागला होता. शिक्षिकेची परीक्षा पास झाले, वाडीजवळच्याच शाळेत नेमणूक मिळाली, आणि मी आईपाशी परत आले. त्याच सुमारास गिरणीतल्या एका मद्राशी फिटरच्या ओळखीने दादाचं कुवेतचं ठरलं. तो निरोप घ्यायला आला तेव्हा आईने भाकऱ्या बांधायला घेतल्या. सात झाल्या तरी थांबेना.

"आये, बास की. चार तासांत पोचतोय मी," दादा म्हणाला.

"मुंबईला?"

"मुंबईपास्नं तिथं."

आईने माझ्याकडे पाहिलं. दादाचं बोलणं ती थट्टेवारी न्यायची. माझं मात्र पुस्तकातलं, म्हणून खरं. मी शाळेचा नकाशांचा संच आणला आणि आशियाचं पान उंबऱ्यावर उघडलं. मुंबईवर आईने कातलेल्या काळ्या सुताचं टोक धरलं, निळ्या समुद्रावरून, इराणच्या किनाऱ्याला खेटून ते कुवेतवर नेलं. चार बोटं भरली. प्रमाण बघून गुणाकार केला: सत्तावीसशे-अठ्ठावीसशे किलोमीटर. विमान तासाला सातशे तरी जातं. चार तास. हिशेब जमला याचा मला इतका आनंद झाला की दादा जातोय हे मी तेवढ्यापुरतं विसरले.

"मदी मुक्काम किती?" आईने विचारलं.

"एकबी न्हाई. बसलं की थेट उतरायचं."

"एकबी न्हाई?" ती हसली. तिचा चेहरा इतका सैल झालेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. "आगं, मग ते लांब कसं? मला आटपाडीच्या बाजाराला जाऊन यायला दिस लागतोय."

"तेच सांगतोय न्हवं कवाधरनं," दादा म्हणाला. "भाकऱ्या कमी कर."

आईने सुताला दोन गाठी मारल्या, एक मुंबईच्या टोकाला, एक कुवेतला. कुवेतच्या गाठीपलीकडे वीतभर सूत उरलं होतं. ते मी तोडायला निघाले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. चांगलं सूत हाय." आणि गुंडाळून तिने ते आपल्या पानाच्या चंचीत टाकलं.

त्या दिवसापासून चार तास हे वाडीत सगळ्यांना ठाऊक झालं. बांधावर, विहिरीवर, जात्यावर, आई जाईल तिथे सांगायची. सोनाकाकू, आमची शेजारीण, तिचा मुलगा पुण्याला होता, तिला तर आई मुद्दाम ऐकवायची. "तुजा पुण्याचा लांब हाय बाई. माजा चार तासांवर." मी एकदा तिला सांगितलं की तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं. तेव्हापासून ती पहाटे शेळ्यांना पाला टाकताना त्यांना दटावायची, "वरडू नगा गं, म्हादा आजून निजलाय." लोक मला "बाई" म्हणू लागले होते, ते केवळ शाळेमुळे नव्हे. कुवेतचं अंतर सुताने मोजणारी ती ही.

दादाचं पत्र महिन्या-दीड महिन्याने यायचं. दुपारी शाळा सुटल्यावर मी ते उंबऱ्यावर बसून आईला वाचून दाखवायची. तिसरं की चौथं पत्र जाड होतं. त्यात एक वेगळा कागद होता, फक्त माझ्यासाठी. त्याने लिहिलं होतं, "कुसे, आईला हे वाचू नकोस. आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतात. सुटी दोन वर्षांनी. मध्येच यायचं तर अर्ज, साहेबाची सही, मग सरकारी कचेरीतला शिक्का, मग विमानात जागा. आमच्या खोलीतल्या एकाचा बाप वारला, तो सतराव्या दिवशी निघाला. म्हणून सांगतो, आईचं काही कमी-जास्त वाटलं तर थांबू नकोस. आधीच कळव."

चाती फिरत होती. "काय म्हंतोय?" आईने विचारलं.

"थंडी पडली म्हंतोय," मी म्हणाले, आणि कागद घडी करून पोलक्यात ठेवला.

इतक्या वर्षांनी मी स्वतःला विचारते की तेव्हा का नाही सांगितलं. दादाने बजावलं होतं, हे झालं एक. पण त्याने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. वाचू नको ही एक मी पाळली, कारण ती सोपी होती. खरं असं की चार तासांवर आई जी सुखाने बसली होती ते मला मोडवत नव्हतं. आणि माझा हिशेब अपुरा होता हे वाडीपुढे कबूल करणंही मला नको होतं. दोन्हींतलं जास्त कोणतं, ते मी आजही ठरवू शकलेले नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात आईच्या पायांवर सूज आली. विहिरीची चढण चढताना ती तीनदा बसू लागली. आटपाडीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग मला बाजूला घेऊन म्हणाले, काळीज थकलंय, सांगलीला न्या, आणि मुलगा बाहेर असेल तर बोलावून घ्या. सांगलीला पंधरा दिवस काढले. गोळ्या मिळाल्या. परत येताना एसटीत मी विषय काढला.

"आये, दादाला कळवू का?"

"कशाला? काम टाकून यील त्यो. सायेब वरडंल."

"डाक्टर म्हंत्यात."

"डाक्टरला काय कळतंय." तिने पदराने तोंड पुसलं. "आगं, मेंढरू मरायचं आसलं की मला एक दिस आदी कळायचं. कान बघून कळायचं. मग मला माजं न्हाई कळायचं व्हय? एक दिस आदी सांगीन तुला. चार तासांची तर वाट हाय. दिस लय झाला."

मी त्या वेळी बोलायला हवं होतं. खिडकीबाहेर ऊस संपून माळ सुरू झाला होता. माझ्या पिशवीत डॉक्टरांचे कागद होते आणि घरी ट्रंकेत दादाचा कागद. मी म्हणाले, "बरं."

तिने शब्द पाळला. श्रावणाच्या आधी एका सकाळी चाती खाली ठेवून ती म्हणाली, "कुसे, आज बोलाव त्याला." आवाज नेहमीचा होता. त्या दिवशी ती अंगणातही येऊन बसली होती, दूधही प्यायली होती. मी आटपाडीला धावले, तार केली, पोस्टमास्तरांनी इंग्रजी शब्द मोजून लिहून घेतले.  आईने आपलं मरण बरोबर ओळखलं होतं आणि मी दिलेल्या मापाने वेळेवर सांगितलंही होतं. चूक मापाची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिची धाप वाढली. डॉक्टर येऊन सुई देऊन गेले, हलवू नका म्हणाले. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, सोनाकाकू पायाशी. दुपारी आई म्हणाली, "आता कुटं आसंल?"

मी म्हणाले, "मुंबईला उतरला आसंल."

ती थोडा वेळ डोळे मिटून पडली. मग पुन्हा, "आता?"

"शिरवळला आला आसंल."

"शिरवळ." तिचे ओठ हलले. "नदी हाय तिथं... आता?"

"लोणंद."

"लोणंदला पानी ग्वाड. मेंढरास्नी पाज म्हनावं... आता?"

एकदा सुरुवात केल्यावर मला थांबता येईना. मी दादाला फलटणला आणलं, दहिवडीला आणलं. प्रत्येक नावासरशी तिचा श्वास जरा खाली बसायचा, जणू तीच चालत होती आणि प्रत्येक मुक्कामाला टेकत होती. अकरा मुक्कामांची वाट मी तिला तासाभरात चालवली. "आता?" असं तिने शेवटचं विचारलं तेव्हा शब्द फुटला नाही, फक्त भुवई हलली. मी म्हणाले, "म्हसवड. आलाच." त्याच्या पुढचं गाव आमचं. तिने पुन्हा विचारलं नाही.

सोनाकाकूने हंबरडा फोडला, आणि गोळा झालेल्या बायकांना पहिली गोष्ट सांगितली ती ही, "पोरगं म्हसवडातवर आलं गं, आन्‌ हिनं दम धरला न्हाई!"

मग काय व्हायचं ते झालं. वाडी थांबली. थोरला लेक म्हसवडला आला असताना माती कोण उचलणार? आमच्यात जाळत नाहीत, माती देतात, आणि पहिली मूठ थोरल्या लेकाची. मढं घरात आहे तोवर आळीतल्या कुणाची चूल पेटत नाही, म्हणून पोरांना कच्च्या शेंगा दिल्या होत्या. शेळ्या दावणीला ओरडत होत्या, त्यांना कुणी दटावलं नाही. वडिलांचे चुलतभाऊ तात्या भावकीत थोरले. ते अंगणात घोंगड्यावर बसून होते. त्यांनी दोघांना फाट्यावर धाडलं. पहिली एसटी आली, गेली. दुसरी आली. मी दारातून ऐकत होते.

"तार कवा केली व्हती?"

"काल सकाळी."

"मग बरूबर हाय. त्याला मिळाली सांजच्याला. चार तास इमानाचं, सा-सात तास गाडीचं." कुणीतरी बोटं मोजत होतं. "यायलाच पायजे."

"गाडी पंक्चर झाली आसंल तात्या," एक तरुण म्हणाला. "न्हाईतर इमानच पंक्चर झालं आसंल."

दोघं-तिघं हसले. तात्यांनी मान वळवली. "तुजी आय आत पडली आसती मंग हासला आसतास का रं?"  एक म्हातारा डोळ्यांवर हात धरून आभाळाकडे बघत होता. त्याला हसावं असं कुणालाच वाटलं नाही. मीसुद्धा दोनदा वर पाहिलं.

तिसरी एसटी गेली तेव्हा दिवस टेकडीला टेकला होता. तात्या दारात आले. "कुसुम, म्हसवडला हाय म्हनालीस न्हवं?"

मी आत गेले, ट्रंक उघडली आणि तो कागद घेऊन अंगणात आले. सगळ्यांदेखत मोठ्याने वाचला, शाळेत धडा वाचावा तसा. कपाटातला पासपोर्ट, सही, शिक्का, सतरावा दिवस, सगळं. "थांबू नकोस. आधीच कळव," इथपर्यंत वाचून मी कागदाची घडी केली. 

तात्यांनी पागोटं नीट केलं. "हे तिला वाचून दावलं व्हतंस?"

"न्हाई."

"मग आता कुनाला वाचतीस?"

ते ओरडले नाहीत. मागे वळून म्हणाले, "उचला रं. दिस बुडायच्या आत." पहिली मूठ त्यांनी टाकली. मला कुणी वाईट बोललं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. फक्त वाडीत पुन्हा कुणी मला कुठल्या गावाचं अंतर विचारलं नाही.

दादाची तार चौथ्या दिवशी आली: अर्ज केला आहे. तो स्वतः आला एकोणिसाव्या दिवशी, दुपारच्या एसटीने. खांद्यावर आईसाठी आणलेलं जाड, लाल ब्लँकेट होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेलं. तो आधी मातीवर जाऊन आला. मग उंबऱ्यावर, आईच्या जागेवर बसला. मी भाकरी वाढली. त्याने एक घास मोडून हातात धरला, आणि तसाच पुन्हा ताटात ठेवला.

मी त्याला सगळं सांगितलं, एसटीतलं "बरं" आणि म्हसवडसुद्धा.  तो म्हणाला, "तिची चंची कुटं हाय?"

मी आणून दिली. त्यात सुकलेली दोन पानं, अडकित्ता, आणि ते काळं सूत. त्याने ते मांडीवर सरळ केलं. दोन गाठींमधलं अंतर बोटांनी मोजलं.

"किती लागलं?" मी विचारलं. हा प्रश्न माझ्या तोंडून कसा निघाला ते मला आजही कळत नाही.

"इमानाला? पावनेचार तास." त्याने कुवेतची गाठ चिमटीत धरली. "तुजं बरूबर हाय गं. ही वाट बरूबर हाय. तू मोजलीस ती हितनं पुढची."

मग त्या गाठीपलीकडे उरलेल्या वीतभर सुताला तो गाठी मारू लागला. यंत्रांवर काम करून त्याची बोटं जाड झाली होती, गाठ नीट बसत नव्हती. "ह्यो तार हातात पडायचा, दोन दिस कचेरीतच पडून व्हती." दोन गाठी. "ह्यो अर्ज. ह्यो सायेब गावाला गेला व्हता त्याचा. ह्योबी. ह्योबी." मी बघत बसले. त्याचा आवाज आईसारखाच होता, मुक्काम सांगतानाचा. "ह्यो शुक्करवार, कचेरी बंद. ह्यो शिक्क्याचा. ह्यो फोटू चालंना म्हनाले त्याचा. ह्यो मी कपाटाम्होरं बसून काढला, नुस्ता बसून."

अकरावी गाठ मारली आणि सूत संपलं. टोक चिमटीत येईना. त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला.

"आजून आठ हायेत," दादा म्हणाला, आणि चाती कुठे आहे म्हणून घरात बघू लागला.